पाचिरिसू हा इलेक्ट्रिक पोकेमॉन डबल्समध्ये (दोन विरुद्ध दोनच्या सामन्यात) खरंच चालतो का, आणि चालत असेल तर कसा खेळवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: 2014 च्या वर्ल्ड्सची (पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेची) क्लिप पाहून तुम्ही पाचिरिसू टीममध्ये घेतला, पण तो दुसऱ्याच टर्नला आडवा होतो. मग तो विजय नशिबाचा होता का, आणि पाचिरिसू आज वापरावा का?

नशिबाचा मुळीच नव्हता. ती निवड मला पोकेमॉन स्पर्धांच्या इतिहासातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली निवड वाटते. पण तिचं मर्म पाचिरिसूपेक्षा त्याच्या शेजारी कोण उभं आहे यात आहे. तुमचा पाचिरिसू लवकर पडतो याचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

ऑगस्ट 2014 मध्ये वॉशिंग्टन डी.सी.ला दक्षिण कोरियाचा से जुन पार्क मास्टर्स गटात विश्वविजेता झाला. त्याचे सहा होते पाचिरिसू, गायराडोस, गारचॉम्प, गार्डेव्होआर, टॅलनफ्लेम आणि गोथिटेल. या यादीत मेगा होणारा (सामन्यात जास्त ताकदवान रूप घेणारा) गायराडोस आणि पाचिरिसू एकत्र वाचा. गायराडोसचे टाइप वॉटर-फ्लाइंग, त्यामुळे इलेक्ट्रिक मूव्ह त्याला चौपट लागते. मेगा झाल्यावर तो वॉटर-डार्क होतो, तरीही दुप्पट लागतेच. समोरचा खेळाडू गायराडोस दिसला की थंडरबोल्ट दाबणार, हे ठरलेलं. पाचिरिसू ‘फॉलो मी’ वापरून तो थंडरबोल्ट स्वतःकडे ओढतो, आणि त्याची अ‍ॅबिलिटी ‘व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब’ असल्याने नुकसान तर होत नाहीच, उलट त्याचा पाव एचपी (जीव) भरून येतो. प्रतिस्पर्ध्याची सगळ्यात बरोबर चाल त्याच्याच अंगावर उलटते.

लायटनिंग रॉडवाला रायचूही इलेक्ट्रिक मूव्ह ओढतो, पण तो फक्त इलेक्ट्रिकच ओढतो. पाचिरिसू एका लक्ष्यावर मारलेली जवळजवळ प्रत्येक मूव्ह ओढतो. अमूंगस ‘रेज पावडर’ने हेच करतो, त्याच्याकडे शत्रूला झोपवणारी ‘स्पोर’ आहे, एचपी भरपूर आहे, आणि बहुतेक टीममध्ये तोच जास्त उपयोगी पडेल. पण रेज पावडर ग्रास टाइपवर आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यांवर चालत नाही. फॉलो मीला ती अडचण नाही. म्हणून स्वतःला आधी एवढंच विचारा: माझ्या मुख्य हल्लेखोराला इलेक्ट्रिकची भीती आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर पाचिरिसू घेऊ नका, अमूंगस किंवा फॉलो मी येणारा दुसरा कुणी घ्या.

आता तो टिकतो कसा. त्याचे आकडे बघून हसू येतं हे खरं: एकूण बेस (मूळ आकड्यांची बेरीज) 405, अटॅक 45. पण त्या 45 शी आपल्याला काही देणंघेणं नाही. त्याचे स्पेशल डिफेन्स 90 आणि स्पीड 95 आहेत, ते बघा. डिफेन्स वाढवणारं इम्पिश नेचर, 252 इव्ही (आपण वाटून द्यायचे सरावाचे गुण) एचपीला, 252 डिफेन्सला, उरलेले 4 स्पेशल डिफेन्सला, हातात सिट्रस बेरी. लेव्हल 50 ला एचपी 167, डिफेन्स 134, स्पेशल डिफेन्स 111 होतात. या आकड्यांवर हिशोब मांडा. पूर्ण स्पेशल अटॅकचा टिमिड नेचरचा हायड्रायगन, हातात ताकद वाढवणारं काही नसेल तर, ड्रॅको मीटियरने कमाल 139 काढतो. जॉली नेचरच्या गारचॉम्पचा अर्थक्वेक दुप्पट लागूनही, दोन्ही शत्रूंवर पडत असल्याने, कमाल 138 वर थांबतो. दोन्ही वेळा पाचिरिसू जिवंत राहतो आणि बेरी लगेच 41 एचपी परत देते. गायराडोसचा ‘इंटिमिडेट’ (शत्रूचा अटॅक कमी करणारा गुण) आधी लागलेला असेल तर अर्थक्वेक आणखी मवाळ होतो. मात्र हायड्रायगनकडे ताकद वाढवणारा लाइफ ऑर्ब असेल तर एका फटक्यात पडू शकतो. तुम्ही इव्ही स्पीड किंवा अटॅकमध्ये घातले असतील तर आजच बदला. माझ्या मते दुसऱ्या टर्नला पडण्याचं तुमचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

चार मूव्ह म्हणजे फॉलो मी, नझल, सुपर फँग आणि प्रोटेक्ट. सुपर फँग लक्ष्याचा उरलेला एचपी थेट निम्मा करतो. तुमचा अटॅक कितीही कमी असो, तुम्हाला इंटिमिडेट लागो की बर्न, निम्मा म्हणजे निम्माच. चुकण्याची शक्यता दहा टक्के, आणि घोस्ट टाइपवर शून्य परिणाम, एवढं ध्यानात ठेवा. नझलचं नुकसान नगण्य, पण लागला की पॅरालिसिस हमखास. ग्राउंड आणि इलेक्ट्रिक टाइप त्यातून सुटतात. 2014 मध्ये पॅरालिसिसने स्पीड चौथाईवर यायचा, गेमच्या सातव्या जनरेशनपासून तो निम्मा होतो, म्हणजे आजचा नझल तेव्हाइतका धारदार नाही. सुपर फँगचा खरा फायदा शेजाऱ्याला होतो: ज्याला दोन फटके लागले असते तो एकात पडतो. टॅलनफ्लेमचे फ्लाइंग मूव्ह तेव्हा एचपी कितीही असला तरी आधी चालायचे, म्हणून ती जोडी इतकी जाचक होती. आणि गोथिटेलची ‘शॅडो टॅग’ अ‍ॅबिलिटी घोस्ट सोडून कुणालाही मैदानाबाहेर जाऊ देत नाही. अर्धमेला, पॅरालाइज झालेला आणि बाहेर पडायची वाट बंद, अशा शत्रूकडे फारसं काही उरत नाही.

पहिल्या टर्नला काय करायचं, यावर बरेच जण अडतात. सरळ फॉलो मी आणि शेजारी गायराडोसचा ड्रॅगन डान्स (अटॅक आणि स्पीड वाढवणारी मूव्ह), हे बहुतेक वेळा बरोबर असतं. पण समोर ‘फेक आउट’वाला कुणी (इन्सिनरोर, आयर्न हँड्स) असेल तर थांबा. फेक आउटची प्रायॉरिटी (आधी चालण्याचा क्रम) +3 आणि फॉलो मीची +2. तो आधी पाचिरिसूला मारतो, पाचिरिसू दचकतो, फॉलो मी होतच नाही आणि गायराडोस उघडा पडतो. अशा वेळी मी पहिल्या टर्नला गायराडोसला प्रोटेक्ट देतो आणि पाचिरिसूला फेक आउट खाऊ देतो. समोरच्याने फेक आउट गायराडोसवर मारला असेल तर त्याची टर्न वाया गेली आणि पाचिरिसूने मोकळेपणाने नझल लावला. दोन्ही बाजूंनी तुमचं फार बिघडत नाही.

उलट ‘सकर पंच’ (समोरच्याने हल्ला करण्याआधीच लागणारी मूव्ह) दिसला की फॉलो मी नक्की दाबा. पाचिरिसूने आपली मूव्ह आधीच वापरलेली असल्याने त्याच्याकडे ओढलेला सकर पंच फसतो. अनेक चांगले खेळाडूही हे घाईत विसरतात. आणखी एक: पाचिरिसूचं वजन 3.9 किलो, त्यामुळे वजनावर ताकद ठरणाऱ्या लो किक किंवा ग्रास नॉट त्याच्यावर फक्त 20 पॉवरने पडतात. वजनदार शेजाऱ्यावर ताणलेली लो किक अंगावर घेणं हा फारच फायद्याचा सौदा.

दोघांनाही लागणारे मूव्ह मात्र फॉलो मीने अडत नाहीत: रॉक स्लाइड, हीट वेव्ह, डॅझलिंग ग्लीम, अर्थक्वेक. समोरच्या चौघांपैकी दोघांकडे असे मूव्ह दिसत असतील तर पाचिरिसूला बाहेरच बसवा. सहा आणून चार खेळवायचे असतात, त्याला दरवेळी आत ओढायची गरज नाही. आणि कृपया तुमच्या गारचॉम्पला पाचिरिसूशेजारी अर्थक्वेक मारायला लावू नका, तो तुमच्याच गड्याला दुप्पट लागतो.

आता स्कार्लेट-व्हायोलेट या गेमचं. इथे मेगा नाही, त्यामुळे गायराडोस फ्लाइंगच राहतो आणि इलेक्ट्रिक पुन्हा चौपट. पेलिपरचंही तेच. मिरायडॉनचा इलेक्ट्रो ड्रिफ्ट, रेजिंग बोल्टचा थंडरबोल्ट, आयर्न हँड्सचा वाइल्ड चार्ज, सगळे एका लक्ष्यावरचे, म्हणजे सगळे पाचिरिसूचं पोट भरणारे. कागदावर त्याची जागा 2014 पेक्षा मोठी दिसते. अडचण एकच आणि ती मोठी आहे: गायराडोस स्वतः टेरा करून (म्हणजे आपला टाइप बदलून) इलेक्ट्रिकची भीती घालवू शकतो, मग राखणदार लागतोच असं नाही. माझं मत असं की पाचिरिसू असेल तर गायराडोसचा टेरा त्या भीतीसाठी खर्च करायची गरज उरत नाही, हल्ल्यासाठी वापरता येतो, आणि हाच त्याला घेण्याचा आजचा खरा हेतू आहे. पाचिरिसूवर स्वतःवर टेरा वाया घालवू नका.

सराव करताना पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर एकच जोडी घ्या, गायराडोस आणि पाचिरिसू, आणि बाकीचे चार बदलत राहा. प्रत्येक सामन्यात समोरच्याने पहिली इलेक्ट्रिक मूव्ह कोणत्या टर्नला दाबली ते लिहून ठेवा. ती टर्न आधीच ओळखता येऊ लागली की फॉलो मी कधी दाबायचा आणि नझलला कधी मोकळीक आहे, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.