बँकेचा शाखाप्रमुख झालास, आता माणसं सांभाळ

अभिनंदन! पहिल्या महिन्यातच टार्गेटचा तक्ता तुझी झोप उडवेल. पण तो जसाच्या तसा खाली ढकलू नकोस. वरून आलेला दाब थोडा स्वतःपाशी अडवायचा, त्यासाठीच ती केबिन असते.

रिझर्व्ह बँकेचा 2021 चा सक्तीच्या रजेचा नियम वाचलास ना? संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान 10 कामाचे दिवस, आगाऊ न कळवता रजेवर पाठवायचं. त्या काळात अंतर्गत ईमेल सोडून कामाच्या कशालाही हात लावू द्यायचा नाही. नियम आहे गैरव्यवहार उघडे पडावेत म्हणून. पण आमचा एक सदा वैतागलेला अधिकारी त्या रजेवरून परतला तो चक्क शीळ घालत! तेव्हापासून साध्या रजेवरच्या माणसालाही 'ती फाईल कुठे ठेवलीस' असा फोन मी कुणाला करू दिला नाही.

आणि आधी तू रजा घे. साहेब साडेआठपर्यंत बसले की बाकीचेही उगाच कागद चाळत बसतात. मी कित्येक वर्षं बसलो. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा कुठे उठलो.

कुणी गप्पगप्प दिसलं तर केबिनमध्ये बोलावू नकोस, टपरीवर चहाला ने. ऐकून घे, उपदेश नको. प्रकरण तुझ्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दे. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. खरं तर आजच जेवणाच्या खोलीत लावून टाक, म्हणजे कुणाला तुझ्याकडे मागायला यावं लागणार नाही.