अकरा महिन्यांचं घर

सोलापूर, रविवार दुपार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल तुझी खोली बघून जिना उतरत होतो तेव्हा तू म्हणालास, "काका, भाड्याचंच तर आहे, एवढं काय बघायचं!" मी काही बोललो नाही, कारण तीन मजले उतरताना माझे गुडघेच बोलत होते. आज पंख्याखाली बसून लिहितोय.

हे वाक्य मीही सहा वर्षं म्हटलं. यंत्रमागाच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागलो तेव्हा साखर पेठेत एक खोली घेतली. भाड्याचीच तर आहे म्हणून ट्रंक उघडली नाही, आरशासाठी खिळा ठोकला नाही, लोंबकळणारा होल्डर तसाच लोंबकळू दिला. दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनची अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट माणसाऐवजी जमिनीत नेणारी वायर, तपासायची आणि रात्री त्या होल्डरखाली झोपायचं. आपण राहतो तिथं जीव आपलाच असतो बे, तो काही भाड्याचा नसतो.

तुझ्या खोलीत मला सगळ्यात जास्त खटकला तो कूलर. पत्र्याचा आहे, जुना आहे, आणि तू तो चालू ठेवून बादलीनं पाणी ओततोस. आपल्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो, कूलरशिवाय गत नाही, हे मला कळतं. पण आत पंप पाण्यात बुडालेला, त्याच्या वायरचं रबर उन्हानं चिरलेलं, बाहेर पत्रा, खाली ओली फरशी आणि वर अनवाणी तू. करंट शरीरातून जमिनीत जायला याहून सोपा रस्ता नाही. मला असाच एकदा बसला होता. मी वायरमन, प्लगला तिसरी जाड पिन बघून निर्धास्त होतो. नंतर बोर्ड उघडला तर त्या पिनेच्या मागं वायरच नव्हती. घरमालकानं बोर्ड नवा लावला होता, अर्थिंग ओढलंच नव्हतं. हात सुटला म्हणून आज हे लिहितोय. तेव्हा आधी पिन काढायची, मग पाणी भरायचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही; कच्च्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर, बसवलेलं असतं, मग बंद असूनही फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आतपर्यंत आलेला असतो.

तुझ्या मीटरखाली एमसीबी आहे, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, ते पाहिलं. एमसीबी आहे म्हणजे शॉक बसत नाही असं अर्ध्या सोलापूरला वाटतं. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो, आणि तीस मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला तर तो जागा आहे. मालकीणबाईंना विचार, निम्मा खर्च तू घाल. जाताना तो तिथंच राहील, राहू दे.

दुसरं, ते बाथरूममधलं गिझर. २००० वॅटचं आहे. २३० व्होल्टनं भाग, जवळपास नऊ अँपिअर येतात. तू ते लावलंयस छोट्या पिनेच्या सॉकेटला, मधे ॲडॉप्टर घालून. ते सॉकेट सहा अँपिअरचं. कडेनं पिवळं पडलंय ते मळानं नाही, तापून. उन्हाळाभर गिझर लागतच नाही, तोवर मोठं सॉकेट आणि जाड वायर ओढून घे. आणि मित्र सांगेल गॅस गिझर स्वस्त पडतं, ते बंद बाथरूममध्ये कधीच लावू नकोस. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि आतली कडी लागलेली असते.

गॅसचं थोडक्यात सांगतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यापैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. तोवर त्या टाकीची तपासणी झाली पाहिजे. मुदत उलटलेली टाकी आली तर घ्यायची नाही, परत पाठवायची. नारिंगी नळीवरही साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी बदलायची. तुझी नळी बहुतेक आधीच्या भाडेकरूची आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. रात्री वास आला तर दिवा लावायचा नाही आणि लागलेला असेल तर विझवायचाही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ ला, गॅसगळतीच्या नंबरला, फोन.

आता पाणी. सोलापुरात घर लावायचं म्हणजे खरं तर पाणी लावायचं. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून येणारं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही, हे तुला आठवड्यातच कळलं असेल. तू अशोक चौकाच्या पुढं राहतोस, तुझी गल्ली तेलुगू बोलते. पहाटे कुणी "नीळ्ळु वच्चिनय" असं ओरडलं की पांघरूण फेकून उठायचं, पाणी आलंय. ते दोन शब्द तुला व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याही ग्रुपपेक्षा जास्त उपयोगी पडतील. खालच्या आजींशी गोडीनं वाग. तू ड्युटीवर असलास तर तुझी मोटर त्याच लावणार आहेत.

तो दोनशे लिटरचा निळा पिंप मात्र गॅलरीतून आत घे. भरला की दोन क्विंटल होतो, आणि गॅलरी म्हणजे नुसता बाहेर काढलेला स्लॅब. बाथरूमच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेव. साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्याला एकदा पिंप रिकामा करायचा. नुसता ओतून नाही, आतून घासून. अंडी पाण्याच्या रेषेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत. कूलरची टाकीही त्याच दिवशी. वार ठरव आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून लाव, नाहीतर होत नाही.

कागदाचं म्हणशील तर, "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं तुला एजंट म्हणाला, ते खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदवला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकीणबाईंना हे धमकी म्हणून नको, त्यांच्या फायद्याचं म्हणून सांग. मुद्रांक शुल्क साधारण एकूण भाड्याच्या पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. आणि आजच्या आज प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फुटलेल्या फरशीचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढून त्यांना पाठव. मी एका घरातून निघालो तेव्हा आधीपासून तडकलेल्या बेसिनपायी निम्मं डिपॉझिट गेलं. ओरडलो भरपूर, पुरावा मात्र काही नव्हता.

कुलूप स्वतःचं लाव. जुन्या किल्ल्या किती जणांकडं फिरतायत, देव जाणे.

एवढं झालं की मग सजव. आधी नव्हे. भिंतीला खिळा मारताना स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली मारू नकोस, वायर तिथूनच गेलेली असते. पश्चिमेच्या खिडकीला पडदा विकत घेऊ नकोस. घरून जुनी सोलापुरी चादर आण, दुहेरी करून लाव. दुपारी तीनचं ऊन ती अडवते तसा कुठलाच नायलॉनचा पडदा अडवत नाही. माझ्या खोलीत आईची लाल-काळी चादर होती, नक्षीची उलटी बाजू बाहेर आणि सुलटी माझ्याकडं. सहाव्या वर्षी ती लावली तेव्हा पहिल्यांदा मला तिथं झोप लागली, हे तुला सांगायला लाज कशाची.

सामान असं घे की उद्या निघालास तर तुझ्याबरोबर निघेल: सुट्टा होणारा लोखंडी रॅक, कॉटखाली सरकेल अशी ट्रंक. कपाट नको, तीन मजले चढवताना हमाल तुझ्याकडं बघतील. करार, लाइटबिल, गॅसचं पुस्तक एका फायलीत, दाराशी. किल्ली आणि टॉर्च दाराच्या आतल्या हुकाला, अंधारात हात जाईल तिथं. तुझी ती शेंगा चटणीची बरणी खिडकीत उन्हात आहे, तेल खवट होईल, खालच्या फळीवर सरकव.

गुरुवारी संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर येतो, टेस्टर आणि टेस्ट लॅम्प घेऊन. प्रत्येक सॉकेटची अर्थिंग मी स्वतः बघणार. मालकीणबाईंकडून लाकडी स्टूल मागून ठेव. तुझ्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी चढणार नाही.

तुझा,
काका