संगीताच्या शैली कशा घडतात आणि त्या माणसांना कशा घडवतात?

आपण विचारले आहे की संगीतात नवी शैली नेमकी कशी तयार होते, आणि एखादी शैली माणसांची आयुष्ये खरोखर बदलते की हे केवळ रसिकांचे कौतुकाचे बोल आहेत. मी मिरजेत वाढलो आणि गाणेही इथेच शिकलो, त्यामुळे उत्तर सांगली जिल्ह्यातल्याच उदाहरणांनी देतो. माझे मत असे आहे की रुळलेली एखादी रीत नव्या मुलखात, नव्या श्रोत्यांपुढे आणि नव्या साधनांनिशी जगू लागली की तिच्यात बदल होतात. त्यांतले जे टिकतात आणि पुढच्या पिढीला शिकवले जातात, त्यांना आपण शैली म्हणतो. हे घडताना गाणाऱ्यांबरोबर, कधीही न गाणाऱ्या माणसांचेही आयुष्य वेगळ्या वाटेला लागते.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी, म्हणजे रागाची विस्ताराने मांडणी करणारी गायनपद्धती, महाराष्ट्रात आली ती प्रामुख्याने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या कष्टांमुळे. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली आणि पुढे मिरज व इचलकरंजी या संस्थानांच्या आश्रयाने ती शिष्यांना दिली. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यामुळे नेहमीचे शिक्षण सोडून मिरजेला बुवांकडे आले. संस्थानात गवयाला दाद मिळे, पण समाजात बरोबरीचे स्थान मिळत नसे. एका समारंभाचे आमंत्रण आपल्याला आले आणि आपल्या गुरूंना आले नाही, हे विष्णुबुवांच्या मनाला फार लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या देणगीऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर गाण्याची शाळा चालवायची, म्हणजे वर्ग हवेत, स्वरलेखन हवे, अभ्यासक्रम हवा आणि परीक्षा हवी. आज जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मुलगी संध्याकाळी गाण्याच्या परीक्षेची तयारी करते, तेव्हा ती याच बदलाची लाभार्थी असते. मौखिक तालमीतली काही सूक्ष्मता या पद्धतीत हरवली, हे मला मान्य आहे. तरीही गाण्याचे दार सामान्य घरांना उघडले, याचे मोल मला अधिक वाटते.

किराणा घराण्याची, म्हणजे किराणा नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरुशिष्य परंपरेची, हकिगत याहून गुंतागुंतीची आहे. या घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ 1872 मध्ये उत्तरेतल्या कैराना इथे जन्मले. त्यांच्या गाण्याला वळण देणाऱ्या गोष्टींत एक सर्कसही येते, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढणारे विष्णुपंत छत्रे हे याच मुलखातले. ते स्वतः ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ यांच्याकडे गाणे शिकले होते आणि गुरुपुत्र रहिमत खाँ यांना त्यांनी आपल्याजवळ ठेवून सांभाळले. रहिमत खाँ यांचे आर्त, स्वराला बिलगून राहणारे गाणे ऐकल्यावर अब्दुल करीम खाँ यांची गायकी पालटली, असे जाणकार सांगतात. म्हैसूर दरबाराशी आणि कर्नाटकाशी आलेल्या संबंधातून त्यांच्या गाण्यात दाक्षिणात्य वळणाची सरगम, म्हणजे सा रे ग म ही स्वरांची नावेच घेत गाणे, आली. म्हणजे ज्याला आपण एका घराण्याची शुद्ध गायकी म्हणतो, तिच्यात कैराना, ग्वाल्हेर आणि म्हैसूर असे तिन्ही प्रवाह आहेत, आणि ते एकत्र नांदले ते कृष्णाकाठी. खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा होती. 1937 मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, पण त्यांचे दफन मिरजेलाच, दर्ग्याच्या आवारात झाले. उरुसाच्या वेळी तिथे आजही कलावंत हजेरी लावतात आणि बिदागीची अपेक्षा न ठेवता गातात.

आता वाद्यांकडे वळतो, कारण शैलीविषयी बोलताना ही बाजू नेहमी सुटते. मिरजेच्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. लढाया संपल्या आणि तो धंदा बसला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी संस्थानच्या उत्तेजनाने तंतुवाद्ये बनवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे आणि तुणीचे लाकूड यांवर त्या घराण्यांच्या अनेक पिढ्या जगल्या. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

गल्लीतल्या दुकानात तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून नाद खुलवताना, आपण एकदा अवश्य पाहावे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी वरून सपाट दिसत असली तरी तिला डोळ्यांना जेमतेम जाणवणारा उतार असतो. कारागीर ती कानशीने थोडी घासतो, तार छेडतो, मान कलती करून ऐकतो आणि पुन्हा घासतो. छेडलेली तार त्या उताराला स्पर्शत कंप पावते आणि मूळ स्वरातले वरचे स्वरांश मोकळे होतात. मग तो तारेखाली सुती दोरा सरकवत नेतो. केसभर इकडेतिकडे झाले तरी नाद बोदा होतो किंवा कर्कश होतो. दोरा नेमक्या जागी आला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, स्पष्ट ऐकू येतो. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो.

किराणा गायकीची सारी मदार या नादावर आहे. एकेका स्वरावर विसावत रागाची संथ बढत, म्हणजे पायरीपायरीने विस्तार, करायची, तर पाठीमागे असा भरलेला तानपुरा असावाच लागतो. तो नसेल तर दोन स्वरांमधली शांतता पोकळ वाटते आणि गायक घाबरून भराभर ताना घेऊ लागतो, हे मी शिकताना प्रत्यक्ष अनुभवले आहे. गायकाने मागणी करायची, कारागिराने ती कानांनी समजून घ्यायची आणि सुधारलेल्या वाद्यावर गायकाने आणखी धीराने आलापी करायची, अशी ही देवाणघेवाण एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या चालली. ज्या कारागिराने आयुष्यात कधी राग मांडला नाही, त्याचा कान भल्या भल्या गवयांपेक्षा तयार असतो.

शैली दुरून कशी माणूस हलवते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण भीमसेन जोशी यांचे आहे. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. जेमतेम तीन मिनिटांची ती तबकडी होती. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 मध्ये मिरजेचा. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि प्रतिष्ठित घरातल्या स्त्रियांनाही रंगमंचावर बसून गाता येईल, अशी वाट मोकळी केली. त्यांच्या शांत, सोज्वळ मांडणीचा त्यात मोठा वाटा होता, असे मला मनापासून वाटते.

परंतु शैलीने माणसाला घडवण्याची किंमतही असते, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या ओढीने कुलकर्णीपण आणि घरदार सोडून पठ्ठे बापूराव झाले. नर्तकी पवळाबरोबरच्या त्यांच्या तमाशाच्या फडाने महाराष्ट्र वेडा केला. जातीने मात्र त्यांना दूर लोटले आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाचा तोच साचा मुंबईच्या गिरणगावात नेला. फड बोर्डावर आला की आधी गण म्हणजे देवाला वंदन, मग कृष्ण-गवळणींची गौळण, मग वग म्हणजे कथानाट्य, ही जुनी रीत होती. अण्णा भाऊंनी गणातल्या देवाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक यांना वंदन आणले आणि वगातून कामगारांचे प्रश्न मांडले. ढोलकी आणि झीलकऱ्यांचा, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांचा, सूर लोकांच्या ओळखीचाच होता, म्हणून नवा आशय त्यांनी परका मानला नाही. उघड्या मैदानावर, ध्वनिक्षेपकाविना, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवण्यासाठी कमावलेला हा चढा आवाज चळवळीला आयता मिळाला.

आपल्याला हे कानांनी पडताळून पाहायचे असेल, तर आधी अब्दुल करीम खाँ यांची जुनी मुद्रणे ऐकावीत, मग हिराबाईंचे गाणे आणि त्यानंतर भीमसेन जोशी यांचा एखादा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐकावा. तिघांचा स्वर लावण्याचा संस्कार एकच आहे, आणि तरीही भीमसेनांच्या दमदार ताना ऐकताना त्यांनी आपल्या घराण्याबाहेरचेही किती आत्मसात केले होते, ते लगेच लक्षात येईल. शक्य झाल्यास मिरजेला येऊन जवारीही पाहावी. अलीकडे पुष्कळ विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर किंवा मोबाइलवर रियाज करतात. खर्चाच्या आणि प्रवासाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, पण निदान शिकण्याच्या पहिल्या वर्षांत खरा तानपुरा मांडीशी घेऊन स्वतः लावावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.