लाकूड स्टॅबिलाइझ करायला घरच्या घरी व्हॅक्यूम चेंबर कसा बनवावा?

तुम्ही विचारलंय, की तोडलेल्या बागेतली द्राक्षाची जुनी खोडं हाताशी आहेत, त्यांच्या सुरीच्या मुठी आणि पेनं करायची आहेत, पण लाकूड भुसभुशीत आहे आणि तडकतं. तर नाशिकमध्येच सामान जमवून चेंबर होईल का? नक्की होईल. स्टॅबिलाइझ करणं म्हणजे लाकूड रेझिनमध्ये (उष्णतेने टणक होणाऱ्या पातळ द्रवात) बुडवून बंद भांड्यातली, म्हणजे चेंबरमधली, हवा पंपाने ओढून काढायची, लाकडाच्या छिद्रांत हवेच्या जागी रेझिन शिरू द्यायचं आणि मग ते भाजून पक्कं करायचं. फक्त पैसे कुठे वाचवायचे नाहीत ते आधी ठरवा.

झाकणात अजिबात वाचवू नका. २५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पुऱ्या व्हॅक्यूमला हवेचा जवळपास पावणेपाचशे किलो भार येतो. काचेची बरणी किंवा खिडकीची काच वापरायचा विचारही नको, फुटली तर तुकडे डोळ्यात जातील. मी २५ मिलिमीटर जाड अॅक्रिलिक वापरतो. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे अॅक्रिलिकचं काम करणाऱ्यांना उरलेला तुकडा विचारा. तो थिनर किंवा स्पिरिटने कधीही पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

भांडं जाड स्टीलचं, गोल आणि सपाट काठाचं घ्या. पातळ पत्र्याचा डबा आत चेपतो. बरेच जण कुकर सुचवतात, पण आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर इथे कामाचा नाही. त्याचं झाकण वाफेच्या दाबाने वर दाबलं जाऊन घट्ट होतं, आपण हवा काढली की ते उलट आत ओढलं जातं. काठावर सिलिकॉन शीटचं गास्केट आणि त्यावर अॅक्रिलिक ठेवलं की झालं. झाकण हवाच दाबून धरते, बोल्ट लागत नाहीत.

पंप फ्रीज-एसीवाले वापरतात तो टू-स्टेज घ्या. भांडं आणि पंप यांच्यामध्ये फेस अडवायला एक छोटं जाड स्टीलचं भांडं जोडा, नाहीतर रेझिन पंपाच्या तेलात जाऊन पंप बसेल.

आता गेज, म्हणजे व्हॅक्यूम किती झाला ते दाखवणारं मीटर. त्यावर ७६० मिलिमीटरपर्यंत (पाऱ्याच्या उंचीत मोजलेले) आकडे असतात आणि काटा ७०० च्या आसपास थांबला की लोक पंप परत करायला निघतात. पंप चांगला असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे हवेचाच दाब सुमारे ७०५ मिलिमीटर आहे. तेवढी हवा काढली म्हणजे सगळी काढली.

काट्यापेक्षा रेझिनमधून येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघा, पण लाकूड हाडासारखं कोरडं असेल तरच. आत ओल राहिली तर इतक्या कमी दाबाला पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं, बुडबुडे थांबतच नाहीत आणि हवा निघतेय की वाफ हे कळत नाही. म्हणून ठोकळे १०५ अंशांवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवा आणि बंद पिशवीत गार करा. गरम लाकूड रेझिनमध्ये टाकलं तर रेझिन तिथेच घट्ट होऊ लागतं.

रेझिन उष्णतेने पक्कं होणारं, मेथाक्रिलेटचं हवं. दोन भाग मिसळायचं इपॉक्सी दाट असतं आणि आत शिरायच्या आधीच घट्ट होतं. ठोकळे रेझिनमध्ये तरंगतात, वर वजन ठेवा. पंप लावून नळीचा व्हॉल्व्ह हळूहळू फिरवा, सुरुवातीला फेस दुधासारखा वर येतो. बुडबुडे थांबले की पंप बंद करून हवा आत सोडा, पण ठोकळे लगेच काढू नका. रेझिन खरं आत जातं ते आता, बाहेरच्या हवेच्या रेट्याने. व्हॅक्यूमला जितका वेळ लागला त्याच्या निदान दुप्पट वेळ ते बुडालेलेच राहू द्या. मग फॉइलमध्ये गुंडाळून ९०-९५ अंशांवर भाजा. त्यासाठी जुना ओटीजी वेगळा ठेवा, पुन्हा त्यात खायचं काही करू नका, आणि खिडक्या उघड्या हव्यात.

साग किंवा शिसव यात घालू नका. घट्ट आणि तेलकट लाकूड, रेझिन आत जातच नाही, आणि त्यांना त्याची गरजही नसते. द्राक्षाचं खोड मात्र मनापासून पितं. सुटी साल आधी काढून टाका, ती रेझिननेही नीट धरत नाही.