भात-भाकरी सोडलेला पोरगा बर्मिंगहॅमला निघालाय, त्याला उत्तर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर तालुक्यातला, वय २७, चार वर्षांपासून एएस म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, कण्याच्या नि कमरेच्या सांध्यांना सूज येऊन ते आखडायचा आजार, वर्षभर भात भाकरी बटाटा, म्हणजे स्टार्चचं सगळं बंद केल्यापासून सकाळची कंबर जरा सुटायलीय, आणि आता सप्टेंबरला एमएससीसाठी बर्मिंगहॅम. आई म्हणायलीय तिकडची माणसं ब्रेडवर जगतात, तू काय खाणार, आणि तू विचारलायस की ताई हे पथ्य तिकडं जमतं काय आणि औषधाचं कसं करायचं. मी बेळगावच्या वडगावची, २०१६ पासून इंग्लंडात लेस्टरला, आजार तोच, पथ्य पण तेच. डॉक्टर नाही हं मी, अकाउंट्सचं काम करते, त्यामुळं गोळ्या-इंजेक्शनचं शेवटी तुझ्या डॉक्टरनाच विचार.

आईला सांग, खायचं इथं बेळगावपेक्षा सोपं पडतं. खोटं वाटेल पण खरंच. तू काळजी ज्वारीची करायलास, करायला पाहिजेस दवाखान्याच्या फाईलीची, पण ते पुढं सांगते.

सोपं का तर इथं कोण आग्रह करत नाही. आपल्याकडं काय होतं माहितीच आहे की तुला, लक्ष्मीची यात्रा असली की दहा घरची आमंत्रणं, मटण पोटभर खाल्लं, रस्सा दोन वाट्या प्यायले, तरी भात घेतला नाही म्हणजे पोरगी जेवलीच नाही. मावशी ताटात हळूच अर्धी भाकरी सरकवणार, अर्धीनं काय होतंय म्हणून. अर्ध्या भाकरीनं काय होतंय ते तिसऱ्या दिवशी सकाळी मला कळायचं, अंथरुणातून उठायला दीड तास. आणि उपवासाला तर काय बोलायलाच नको, साबुदाणा, रताळी, वरी, म्हणजे उपास म्हणून आपण नुसतं स्टार्चच खातो. रताळ्यांच्या गावची मी, बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी सगळीकडं जातात, आणि मलाच ती चालत नाहीत. असो. इथं ऑफिसात मी डब्यात तीन उकडलेली अंडी आणि कोबी घेऊन बसले तरी कोण विचारत नाही.

पण बेळगावात स्टार्च डोळ्याला दिसायचा. भात म्हणजे भात, उप्पीट म्हणजे उप्पीट. इथं तो लपून बसतो आणि मी पहिले तीन महिने त्यातच फसले. सगळ्यात मोठा फटका ग्लुटेन-फ्री ब्रेडचा. दुकानात वेगळं कपाट, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, मी म्हटलं सुटलो बाबा, रोज दोन स्लाइस. दहा दिवसांत दोन्ही कुल्ले असे धरले की जिना उतरताना कठडा सोडवेना. मग नवऱ्यानं पाकीट उलटं करून वाचलं तर तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणाच की. ग्लुटेन नाही म्हणजे गहू नाही, स्टार्च नाही असं नव्हे, उलट गव्हाची जागा भरायला जास्तच घालतात. आणि लेबल वाचताना अजून एक गंमत, इथल्या कायद्यानं गव्हासारख्या अ‍ॅलर्जीच्या वस्तू ठळक अक्षरात छापाव्या लागतात, पण मका नि बटाटा त्या यादीत नाहीत, त्यामुळं नुसती ठळक अक्षरं बघितलीस तर फसलास. मॉडिफाइड मेझ स्टार्च हे शब्द पाठ कर. तो कमी फॅटच्या दह्यात असतो, सूपमध्ये, तयार ग्रेव्हीत. किसलेलं चीज घेऊ नको, चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च लावलेला असतो, चीजचा तुकडा घे आणि घरी किस. सॉसेजमध्ये ब्रेडचा चुरा. चायनीजमध्ये कॉर्नफ्लॉवर असणारच. बेकिंग पावडरमध्ये सुद्धा. आणि हसू नको, हिंगात पण! आपली हिंगाची डबी येताना आणशील तर मागं वाच, बहुतेक डब्यांत मैदा नाहीतर तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. चिमूटभरानं मला काय झालं नाही पण तुझं तू बघ, प्रत्येकाची सहन करायची पातळी वेगळी.

संशय आला की आयोडीन. शाळेत केलेला प्रयोगच, पदार्थाचा एक तुकडा बशीत काढायचा, त्यावर आयोडीनचा थेंब, निळा-काळा पडला की स्टार्च आहे. बेटाडीननं पण कळतं. तो तुकडा टाकून द्यायचा, खायचा नाही. मी आल्या आल्या अर्धं स्वयंपाकघर काळं केलं होतं. केळी इथं हिरवट मिळतात, ती काळीकुट्ट होतात, सालावर ठिपके येईपर्यंत पिकवलीस की रंग बराच फिका येतो. कच्चट सफरचंदाचं पण तसंच. काजू काळा पडतो, बदाम नाही.

आता तू काय खाशील. तू लिहिलंयस घरी माळ आहे, पण अंडं बाहेर खातोस. मग जमेल भावा, अंडं पण नसतं तर मी म्हटलं असतं जड जाईल, कारण डाळी उसळी सोडल्यावर शाकाहारी माणसाकडं फार काय उरत नाही. पनीर सगळ्या सुपरमार्केटात मिळतं, टोफू चालतो, चीज, बदाम, अक्रोड, खोबरं. भाजीत कोबी, फ्लॉवर, पालक, आणि भारतीय दुकानात दोडका, दुधी, मेथी, कारली सगळं असतं, आमच्या लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर तर ताजी मेथी बघून मला पहिल्यांदा गणपत गल्लीची आठवण आली, बर्मिंगहॅमला पण आपली दुकानं भरपूर आहेत. फ्लॉवर किसून परतला की भाताची जागा भरून निघते. बदामाचा नुसता भुगा इथं केकच्या सामानात मिळतो, त्यात अंडं, मीठ, तीळ, मेथी घालून तव्यावर थाप. भाकरी म्हणून खाल्लास तर रडशील, थालीपीठ समजून खा. मी स्वतः मासे खाते, इथला मॅकरल म्हणजे आपला बंगड्याच्या जातीतलाच, गोव्याहून चोर्ल्यानं येणाऱ्या बंगड्याची सर नाही पण पोट भरतं. आणि वजनावर लक्ष ठेव. मी पहिल्या वर्षी सात किलो उतरले, लोकं छान दिसतीस म्हणायली, डॉक्टर मात्र अजिबात खूश नव्हत्या. तूप तेल खोबरं हात आखडून घालू नको.

हे पथ्य आलं कुठनं ते तुला ठाऊक असेलच, नसेल तर सांगते कारण इथल्या डॉक्टरसमोर बोलताना उपयोगी पडतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अ‍ॅलन एब्रिंगर या प्राध्यापकांनी ते मांडलं. त्यांचं म्हणणं असं की आतड्यातला क्लेबसिएला नावाचा जंतू स्टार्चवर पोसतो, शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि त्या जंतूची काही प्रथिनं आपल्या एचएलए-बी२७ शी, म्हणजे एएसवाल्यांच्यात बहुतेकदा सापडणाऱ्या पेशींवरच्या एका प्रथिनाशी, आणि सांध्यातल्या कोलॅजेनशी मिळतीजुळती असल्यानं त्या अँटिबॉडी आपल्यावरच उलटतात. जंतूला उपाशी ठेवा म्हणजे आग कमी. १९९६ मध्ये त्यांनी कमी स्टार्चच्या आहाराबद्दल पेपर लिहिला. पण मोठ्या चाचण्यांनी हे सिद्ध झालेलं नाही, आणि बी२७ असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार कधी होतच नाही, म्हणजे गोष्ट तेवढी सरळ नसणार. माझ्या इथल्या र्‍हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या डॉक्टर) म्हणाल्या, तुला बरं वाटत असेल तर कर, पण माझं औषध न विचारता थांबवू नको. मला हे पटतं, पण पटायला एक डोळा पणाला लागला.

२०१८ ची गोष्ट. पथ्यानं इतकं बरं वाटायलं होतं की मी इंजेक्शन स्वतःच्या मनानं बंद केलं. चार महिने मजेत. मग एक दिवस डावा डोळा लाल, उजेड सहन होईना, मी म्हटलं डोळे आलेत, आईनं फोनवर गुलाबपाणी सांगितलं. दोन दिवस तसेच काढले. ते युव्हायटिस होतं, डोळ्याच्या आतली सूज, याच आजारातलं, उशीर केला तर नजर जाऊ शकते. तुला असं कधी झालं, डोळा लाल, दुखणारा आणि उजेड बोचणारा, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या इमर्जन्सीत जायचं आणि मला एएस आहे हे पहिलं वाक्य सांगायचं. पथ्य आणि औषध हे दोन बैल एका गाडीचे समज, एक सोडलास की गाडी रस्त्यावर राहत नाही. आणि गोळीत पण मक्याचा स्टार्च असतो म्हणून गोळी सोडणारे काही जण भेटतील, त्यांचं ऐकू नको, तो कणभर असतो.

आता फाईल. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, ते भरलं की एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, तुला खुली. पण इथं थेट स्पेशालिस्टकडं जाता येत नाही, आपल्यासारखं सकाळी उठून केएलई हॉस्पिटलला जाऊन नंबर लावला असं नाही. आधी जीपीकडं, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवायचं, मग जीपी पत्र देणार, मग स्पेशालिस्टची तारीख, आणि ती यायला महिने जातात. तुझा कोर्स वर्षाचा. म्हणजे पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जीपी नोंदणी, बँक खात्याच्या पण आधी. आणि त्यांना पहिल्या भेटीत सगळं दिसलं पाहिजे, एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी दोन्ही, बी२७ चा रिपोर्ट, सीआरपीचे (रक्तातनं सूज कळायची तपासणी) जुने आकडे, कुठलं औषध कधी सुरू कधी बंद आणि का बंद, हे सगळं तुझ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर एका पानात. मी नुसती सीडी आणली होती, ती त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडेचना, सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पासपोर्टवर बेळगाव आणि नंतरच्या कागदांवर बेळगावी, २०१४ ला नाव बदललं ना, तर रिसेप्शनवरच्या बाई विचारायल्या की ही दोन गावं आहेत काय. म्हटलं बाई, हा विषय काढू नको, रात्र होईल.

व्हिसासाठी टीबीची तपासणी म्हणून छातीचा एक्स-रे काढतात, त्याची कॉपी मागून घे आणि जपून ठेव. पुढं बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं इंजेक्शन, सुरू करायची वेळ आली तर आधी लपलेला टीबी आहे काय बघतात, आणि आपण भारतातून आलेलो म्हणून जरा जास्तच बारकाईनं. तू आत्ता इंजेक्शनवर असशील तर तीन महिन्यांचा साठा, डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन, आणि ते थंड पिशवीत हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात नको, तिथं गोठलं तर वाया गेलं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलची गोळी असेल तर ती इथं कंट्रोल्ड औषधात येते, पत्राशिवाय आणू नको. इंग्लंडात जीपीनं लिहिलेल्या दर औषधाला ९.९० पौंड पडतात.

पार्टटाइम काम करशील, विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास चालतं. गोदामात खोकी उचलायचं काम सहज मिळतं आणि पैसे बरे म्हणून सगळी पोरं तिकडं पळतात, तू जाऊ नको. उभं राहून हिंडतं-फिरतं काम बघ, आठ तास खुर्चीत बसणं पण आपल्याला वाईटच. थंडीची धास्ती घेऊ नको, जुलैतला खानापूरचा पाऊस काढलेल्या माणसाला इथली थंडी नवी नाही, पण ऊन नाही त्याचं बघ, ऑक्टोबर ते मार्च व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम घ्या असं इथलं सरकारच सांगतं, आणि आपल्या कातडीला तर वर्षभर घेतलेलं बरं. नॅस म्हणून आपल्याच आजाराची संस्था आहे, १९७६ पासूनची, त्यांचे व्यायामाचे ग्रुप असतात, बर्मिंगहॅमच्या आसपास कुठला आहे विचार. मला या आजारात पहिली मैत्रीण तिथंच मिळाली, साठीची गोरी बाई, ती पण बटाटा सोडलेली. इंग्लंडात बटाटा सोडणं म्हणजे आपल्याकडं भात सोडल्यागत, तिची सासू पण तिला बोलायची म्हणे.

सामानात कुंदा भरू नको, खव्याचा आहे, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला इथं बंदी आहे. तूप पण नको. कारळ्याची, जवसाची चटणी आण, आईला सांग डाळं न घालता कुट. विमानात ग्लुटेन-फ्री जेवण मागवलंस तरी त्यात भातच येतो, त्यामुळं घरनं बदाम, खोबऱ्याचे तुकडे आणि चार उकडलेली अंडी घेऊन बस, अंडी विमानातच संपव. आणि खिडकीची नाही, कडेची सीट घे, तासाला एकदा उठून चालायला.