भाकीत करायला तुला बंदी नाही

प्रिय लेखिके,

तुझं स्क्रिप्ट मिळालं. बेचाळीस पानं एका बैठकीत वाचली, समोरचा चहा गार होऊन वर साय धरली. ही तारीफ समज, कारण पुढे तारीफ फारशी नाही.

साल 2090. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जागा रिकाम्या. स्टेडियममध्ये उमेदवार रांगेत उभे, प्रेक्षकांच्या मनगटावर हिरवी-लाल बटणं, आणि झगमगता सूत्रसंचालक भावी सरन्यायाधीशाला विचारतोय, 'कसं वाटतंय?' वाचताना मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण यात नवं काय आहे? 'द ऑरव्हिल' या अमेरिकन विज्ञानमालिकेत 2017 साली 'मेजॉरिटी रूल' नावाचा भाग होऊन गेला. त्या ग्रहावर प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावर वरचा आणि खालचा बाण. कोर्ट नाहीच. आरोपीला एकामागून एक टीव्ही शोमध्ये माफी मागत फिरवतात, आणि नापसंती एक कोटीवर गेली की त्याच्या मेंदूवर 'उपचार'. ती बटणं वापरून झालेली आहेत, बाई. परत वापरलीस तर जाणकार प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला ओळखेल.

आणि मालिकेचंही सोड. तू ज्याला 2090 म्हणतेस ते अमेरिकेत केव्हाच होऊन बसलंय.

मी आयुष्यभर डेली सोप लिहिली, हे तुला माहीत आहे आणि तू ते सभ्यपणे कधी बोलून दाखवत नाहीस. त्यामुळे सिनेटच्या न्यायिक समितीपुढची सुनावणी पहिल्यांदा सलग बसून पाहिली, तेव्हा मला आपला धंदा लगेच ओळखू आला. सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचं, सिनेटने मंजूर करायचं, मंजूर झालं की तहहयात नेमणूक. एवढ्या साध्या कामाचा सेट बघ. मधे एक टेबल, त्यामागे एकटा उमेदवार. टेबलासमोर जमिनीवर मांडी घालून बसलेले फोटोग्राफर, म्हणजे उमेदवाराने नाक खाजवलं तरी पन्नास क्लिक. मागच्या रांगेत कुटुंब, बरोबर फ्रेममध्ये येईल असं. प्रत्येक सिनेटरला ठरलेली मिनिटं, त्यातली निम्मी त्याच्या भाषणात जातात आणि प्रश्न शेवटी, एपिसोड संपताना टाकलेल्या हुक पॉइंटसारखा. उमेदवाराची आधी तालीम होते. वकिलांची टोळी खोटी सुनावणी घेऊन त्याला दिवसेंदिवस भाजून काढते. त्या तालमीला त्यांच्याकडे 'मर्डर बोर्ड' म्हणतात. 2020 मध्ये एमी कोनी बॅरेटना एका सिनेटरने विचारलं, तुमच्यासमोर काय टिपणं आहेत ती दाखवा ना. त्यांनी वही उचलून दाखवली: कोरी. वर फक्त सिनेटचं छापील नाव. तो फोटो दिवसभर फिरला. असा शॉट मला बावीस वर्षांत सुचला नाही.

पण हा तमाशा पहिल्यापासून नव्हता, आणि तुला लिहायचं असेल तर तो कसा वाढत गेला ते माहीत हवं. 1916 मध्ये लुईस ब्रँडाइस यांच्या नेमणुकीवर पहिली जाहीर सुनावणी झाली. प्रकरण चार महिने चाललं आणि ब्रँडाइस स्वतः समितीसमोर एकदाही आले नाहीत. हार्लन स्टोन 1925 मध्ये आले, ते समोर बसणारे पहिले. टीव्ही कॅमेरा आत आला तो 1981 मध्ये, सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या वेळी. 99 विरुद्ध 0 मतांनी त्या निवडून आल्या, तेव्हा नाट्य असं काही नव्हतंच.

मग 1987. इथे जरा थांब, कारण इथे एक योगायोग आहे आणि तो मला फार आवडतो.

रॉबर्ट बोर्क यांची सुनावणी 15 सप्टेंबरला सुरू झाली आणि 30 सप्टेंबरला संपली. सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभं असलेलं एक कुटुंब आणि त्यावर नट ग्रेगरी पेकचा आवाज, अशी त्यांच्याविरुद्धची जाहिरात टीव्हीवर चालली होती. एका वार्ताहराने त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीतून त्यांनी भाड्याने नेलेल्या 146 कॅसेटची यादीच मिळवून छापली. यादीत लाज वाटावी असं काही निघालं नाही, पण खासदारांना स्वतःच्या याद्या आठवल्या असाव्यात, कारण पुढच्याच वर्षी असल्या याद्या गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. (खासगीपणाचा सरसकट हक्क घटनेत कुठे सापडत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाच्या निमित्ताने.) आणि त्याच आठवड्यात, 28 सप्टेंबरला, 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चा पहिला भाग लागला. त्यात काय होतं? क्यू नावाचा सर्वशक्तिमान प्राणी न्यायाधीशाचा लाल-काळा झगा घालून तरंगत्या खुर्चीतून येतो आणि अख्ख्या मानवजातीवर खटला चालवतो. कोर्ट भविष्यातलं, 2079 सालचं, अणुयुद्धानंतरचं. गॅलरीत फाटके लोक ओरडताहेत, हुर्यो उडवताहेत, आणि निकाल आधीच ठरलेला. कुणी कुणाची नक्कल केली नव्हती, भाग कधीच चित्रित होऊन पडला होता. पण त्या आठवड्यात दोन चॅनल आलटून पालटून बघणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

बोर्क पडले, 42 विरुद्ध 58. का पडले यावर अमेरिकेत अजून भांडणं आहेत. माझ्यासारख्या संवादलेखकाला मात्र एकच गोष्ट दिसते: त्या माणसाने पाच दिवस प्रश्नांना खरी उत्तरं दिली. तुम्हाला हे पद कशासाठी हवंय, या साध्या प्रश्नाला ते म्हणाले की ही बौद्धिक मेजवानी ठरेल. घरी बसलेल्या लोकांना न्यायाधीश जेवायला बसलेला नको होता. पुढच्या उमेदवारांनी धडा घेतला. 1993 मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तो एका ओळीत बसवला: सूचक इशारे नाहीत, भाकितं नाहीत, झलक नाही. 96 विरुद्ध 3 मतांनी त्या निवडून आल्या.

नियम म्हणून हे रास्तच आहे. उद्या समोर येणाऱ्या खटल्याचा निकाल आज नोकरीसाठी कबूल करणारा न्यायाधीश कुणाला हवाय? पण मग टीव्हीवर उरतं काय, याचा विचार कर. कायद्यावर बोलायचं नाही म्हटल्यावर उरतो माणूस: त्याचं बालपण, त्याची आई, त्याचे रुमाल आणि आरोप. 1991 मध्ये अ‍ॅनिटा हिल आणि 2018 मध्ये क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड उमेदवारावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप सांगायला त्या टेबलाशी बसल्या. दोन्ही वेळा उमेदवाराने आरोप साफ नाकारले, दोन्ही वेळा तो थोडक्या मतांनी निवडून आला. 2018 चा तो दिवस दोन कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्या बायका काही मनोरंजनाला आल्या नव्हत्या. पण कॅमेऱ्याला फरक कळत नाही, तो रडणाऱ्यावर झूम करतो. हे मी करून पोट भरलंय, म्हणून सांगतोय.

आता माझा मुद्दा. 12 सप्टेंबर 2005. जॉन रॉबर्ट्स, वय 50, सरन्यायाधीशपदासाठी समितीसमोर. त्या दिवसाचं लोकांना आठवतं ते एकच वाक्य: न्यायाधीश हा अंपायरसारखा असतो, बॉल की स्ट्राइक एवढं सांगायचं, स्वतः खेळायला उतरायचं नाही. बेसबॉलची उपमा. टीव्हीने ती उचलून धरली, अजून सोडलेली नाही. पण त्याच दिवशी डेलावेरचे सिनेटर जो बायडेन आपल्या भाषणात असंही बोलून गेले: माणसाच्या शरीरात बारीकसा टॅग बसवून त्याची प्रत्येक हालचाल टिपता येईल का? मेंदूचं स्कॅन काढून तो गुन्ह्याकडे झुकलाय का हे ठरवता येईल का? यावर तुम्हाला निकाल द्यावा लागेल, लिहून ठेवा.

म्हणजे त्या सगळ्या नाटकात एक माणूस चक्क विज्ञानकथा बोलला. आणि ती खरी निघाली, म्हणजे अर्धी. चिप बसवावी लागलीच नाही. लोकांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावली. 2014 मध्ये पोलिसांनी अटक केलेल्या माणसाचा फोन वॉरंटशिवाय चाळावा का, हा खटला याच रॉबर्ट्सपुढे आला. त्यांनी नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लिहिला आणि त्यात म्हटलं की मंगळावरून कुणी पाहुणा आला तर त्याला फोन हा माणसाचा एक अवयवच वाटेल. सरन्यायाधीशाच्या निकालपत्रात मंगळावरचा पाहुणा! मग 2018 मध्ये कार्पेंटर खटला. आरोपीवर ठपका दुकानं लुटल्याचा, त्यातही मोबाइलच्या दुकानांचा, आणि पोलिसांनी फोन कंपनीकडून मिळवलेल्या त्याच्या ठावठिकाण्याच्या नोंदी 127 दिवसांत 12,898. रोजच्या शंभरावर. रॉबर्ट्स म्हणाले, वॉरंट हवं. पाच विरुद्ध चार.

हा निकाल वाचला जात असताना टीव्हीवर काय दिसत होतं? काहीच नाही. त्या कोर्टात कॅमेरा नेता येत नाही. डेव्हिड सूटर नावाचे न्यायाधीश तर म्हणाले होते, कॅमेरा आत येईल तो माझ्या मुडद्यावरून. 2020 पासून युक्तिवादांचा थेट आवाज ऐकू येतो, चित्र नाही. निवड दिवसचे दिवस प्रक्षेपित, काम पडद्याआड. आपल्याकडे बरोबर उलट: निवड कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या, बंद खोलीत, ती बदलू पाहणारी 99वी घटनादुरुस्ती 2015 मध्ये चार विरुद्ध एकने रद्द, आणि घटनापीठाचं कामकाज मात्र 27 सप्टेंबर 2022 पासून मोबाइलवर थेट. दोन देश, दोन उलटी नाटकं. तुझ्या 2090 मध्ये यातला कुठला दरवाजा उघडा आहे, ते तू ठरवलेलंच नाहीस. ते आधी ठरव, बटणांचा रंग नंतर.

आणि 'द मेझर ऑफ अ मॅन' बघ. नेक्स्ट जनरेशनचाच, फेब्रुवारी 1989 चा भाग. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करायची, आणि ते जाणवतं. प्रश्न एवढाच: डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता आहे का? माणसं पुरेशी नाहीत म्हणून त्याच्या मित्रालाच, रायकरला, विरुद्ध बाजू मांडावी लागते. रायकर रात्री डेटाचे तांत्रिक आराखडे चाळतोय. त्याला काहीतरी सापडतं आणि क्षणभर तो हसतो, जिंकायचा मुद्दा मिळाल्यावर कुठलाही वकील हसेल तसा. मग हसू ओसरतं. डेटाला बंद करायचा खटका सापडलाय, आणि उद्या भर कोर्टात तो आपल्यालाच दाबावा लागणार हे त्याला कळतं. एक शब्द नाही. पार्श्वसंगीताचे ढोल नाहीत, तीनदा झूम नाही. मी तो सीन थांबवून थांबवून पाहिलाय आणि दर वेळी मला माझ्या जुन्या एपिसोडांची लाज वाटलीय.

न्यायाधीश कसे निवडावेत याचं उत्तर हवंच असेल तर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळमालिकेकडे आहे, आणि ते अगदी गावठी आहे. मानवजात उरलीय चाळीसेक हजार, देशद्रोहाचा खटला चालवायचाय, न्यायालय नाही. मग जहाजांच्या कप्तानांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश काढतात. निकाल तीन विरुद्ध दोन, आरोपी सुटतो, आणि निम्मे प्रेक्षक चिडतात. तुझ्या स्टेडियमपेक्षा त्या चिठ्ठ्यांत जास्त भीती आहे.

गिन्सबर्गबाईंना भाकीत करायची बंदी होती. तुला नाही, हाच तर तुझ्या धंद्याचा फायदा. उमेदवाराला जो प्रश्न विचारता येत नाही, तोच तू विचार. आणि तू विचारलायसही, फक्त एकतिसाव्या पानावर पुरून ठेवलायस. ती बाई, जिच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज घरातलं यंत्र अजून काढतंय. कंपनी ते बंद करतेय, आणि ती कोर्टात येऊन म्हणते, नोटीस मला नको, त्याला द्या. न्यायाधीश पाण्याचा पेला उचलतात, पीत नाहीत, परत ठेवतात. एवढंच लिहिलंयस तू. त्यानंतर लगेच स्टेडियमला कट का मारलास? मी तिथेच बसून होतो.

तर स्टेडियम काढ. सूत्रसंचालक काढ, तो तुझ्या हॉस्टेलातल्या कुणावर तरी बेतलाय हे उघड दिसतं. एकतिसाव्या पानापासून सुरू कर आणि पुढच्या पंधरवड्यात पाठव. मेंदूच्या स्कॅनचा अर्धा प्रश्न अजून त्या कोर्टात यायचाय. वाटलं तर तोही घे, पण एका भागात दोन खटले नकोत.

तुझा,
काका

ता. क. हातोडा काढायला विसरू नकोस. माझ्या पहिल्या मालिकेत मी न्यायाधीशाला तीन वेळा 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणत हातोडा आपटायला लावला होता. दुसऱ्या दिवशी सांगलीहून एका वयस्कर वकिलांचा फोन आला. त्यांनी फार नम्रपणे विचारलं, 'आपण कोर्टात कधी गेला आहात का?' मी गेलो नव्हतो. आपल्या कोर्टात हातोडा नसतो; न्यायाधीश मान वर करून बघतात, तेवढ्यानं भागतं.