घराबाहेरचे सहा महिने: मायनर लीगच्या पंचाचा संसार

न्यू जर्सीतील एडिसन येथून एका मातेचे पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा: त्यांचा पंचवीस वर्षांचा मुलगा अकाउंटिंगची पदवी घेऊन नोकरी करतो आणि सीपीएच्या (अमेरिकेतील सनदी लेखापालाच्या परवान्याच्या) चार परीक्षांपैकी दोन उत्तीर्ण झाला आहे. पंधराव्या वर्षापासून तो शनिवार-रविवारी बेसबॉलची पंचगिरी करत आला, आधी लहान मुलांच्या आणि पुढे हायस्कूलच्या सामन्यांत. यंदा मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगच्या, एकदिवसीय मोफत शिबिरातून पुढच्या जानेवारीतील महिनाभराच्या निवड शिबिराचे त्याला निमंत्रण मिळाले आहे; तिथे निवड झाली तर मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक स्तरांवर, पंच म्हणून सुरुवात होते. त्याचे लग्न ठरले असून होणारी सून फिजिकल थेरपिस्ट आहे. "जो घरी राहणारच नाही, तो संसार कसा करणार? लग्न पुढे ढकलावे, की त्यालाच या वाटेवरून परत फिरवावे?" असे त्या विचारतात. यंत्रे आल्यावर पंचांची गरज तरी उरेल का, अशी शंका त्यांच्या यजमानांना वाटते.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. लग्न पुढे ढकलायचे की नाही, हे ज्यांचे लग्न आहे त्या दोघांनीच ठरवायचे आहे. त्याबाबत आपण किंवा मी निर्णय देणे योग्य होणार नाही. हे काम करताना संसार चालतो का, आणि चालवायचा तर कशाच्या आधारावर, या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण "तो घरी नसेल" एवढ्या एका वाक्यात खरी अडचण सामावत नाही.

आधी हे काम कसे असते ते पाहू. खेळाडूंच्या संघाला निदान एक गाव आपले असते आणि हंगामातील निम्मे सामने तिथे होतात. पंचाला घरचे मैदान नसते. मायनर लीगचा पूर्ण हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असा चालतो आणि त्यात खालच्या स्तरावर सुमारे 130, तर ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या स्तरावर 150 सामने होतात. 2021 पासून बहुतेक ठिकाणी मंगळवार ते रविवार एकाच गावी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी अशी रचना आहे. ती खेळाडूंना सोयीची ठरली. पंचाचा सोमवार मात्र बहुधा पुढच्या गावाच्या रस्त्यावर जातो. आपल्या घरापासून अर्ध्या तासावरच्या ब्रिजवॉटरला डबल-ए (ट्रिपल-एच्या लगेच खालच्या) स्तराचा संघ आहे, म्हणून मुलगा अधूनमधून जेवायला घरी येईल, अशी आशा कृपया धरू नये. नेमणूक कोणत्या लीगमध्ये होईल हे त्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. ब्रिजवॉटरचा संघ ज्या ईस्टर्न लीगमध्ये खेळतो, तिथे जरी त्याला पाठवले, तरी त्या लीगची गावे मेनमधील पोर्टलंडपासून ओहायोतील ॲक्रनपर्यंत पसरलेली आहेत.

सुट्टीची गोष्ट वेगळी सांगावी लागते. मेजर लीगमध्ये चार पंचांची तुकडी असते आणि त्यांना हंगामातच काही आठवड्यांची रजा मिळते. मायनर लीगच्या खालच्या स्तरांवर दोनच पंच असतात: एक होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) आणि दुसरा उरलेल्या सगळ्या मैदानासाठी. हंगामभर तीच जोडी, तीच गाडी आणि एका पाठोपाठ एक हॉटेले. दोघांतील एक घरी निघाला की बदली पंच शोधावा लागतो. चुलत बहिणीचे लग्न किंवा घरातील वास्तुशांत ही कारणे अशा व्यवस्थेत बसत नाहीत, आणि हे सर्व नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

इथवर वाचून आपली काळजी वाढली असेल, याची मला जाणीव आहे. तरीही ठामपणे सांगतो की, अशा संसाराला दूर राहण्यापेक्षा अनिश्चितता अधिक जड जाते. हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो. माझे वडील मालवाहू जहाजावर होते आणि आमचे घर रत्नागिरीजवळ होते. ते आठ-नऊ महिने नसत आणि आमच्या आळीत अशी घरे बरीच होती. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आई त्यांच्या परतीचा दिवस लाल शाईने खूण करून ठेवी, आणि तो दिवस ठरलेला असेपर्यंत घर व्यवस्थित चाले. आजीचे औषध, आमच्या शाळेची फी, छपराची कौले, सारे काही ती एकटी पाहत असे. कंपनीकडून करार लांबल्याची आणि नवी तारीख नंतर कळवण्याची तार आली, की त्या आठवड्यात मात्र घरात कोणी कोणाशी धड बोलत नसे. वडील तेव्हाही तितकेच दूर होते. नाहीशी झाली होती ती तारीख.

आपल्या मुलाच्या कामात तारखेचा प्रश्न अधिक कठीण आहे. हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे दरवर्षी ठाऊक असते, परंतु हा प्रवास कुठे पोहोचणार हे कोणालाच ठाऊक नसते. मायनर लीगमध्ये दोनशेच्या वर पंच आहेत, तर मेजर लीगमध्ये पूर्णवेळ पंच 76. वरची जागा कोणी निवृत्त झाल्यावरच रिकामी होते. 2023 च्या हंगामाआधी एकदम दहा जण निवृत्त झाले, पण तसे वर्ष विरळा. रुकी लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या पायऱ्या चढायला बहुधा सात ते दहा वर्षे लागतात. दरवर्षी मूल्यमापन होते, आणि पुढे जाण्याची शक्यता दिसत नाही अशा पंचाला वर्षानुवर्षे त्याच पायरीवर न ठेवता मोकळे केले जाते. म्हणजे पंचविसाव्या वर्षी निघालेल्या माणसाला तेहतिसाव्या वर्षी, घरी पाळण्यात मूल असताना, सेवा संपल्याचा फोन येऊ शकतो. याचा विचार आज करायचा आहे.

आता पैशाविषयी. गेल्या दशकात कित्येक वर्षे हा पगार सर्वांत खालच्या स्तरावर महिन्याला सुमारे 2,000 डॉलर आणि ट्रिपल-एमध्ये 3,900 डॉलरपर्यंत होता, आणि तोही फक्त कामाच्या महिन्यांपुरता. करार बदलत असतात, म्हणून आजचा आकडा त्याने नेमणुकीच्या पत्रातूनच घ्यावा. तरीही एडिसनमधील घरभाडे डोळ्यांसमोर ठेवले तर पहिली काही वर्षे संसार मुख्यतः सूनबाईंच्या पगारावर चालेल, हे स्पष्ट शब्दांत मान्य केले पाहिजे. आपल्याकडील काही घरांत ही गोष्ट बोलायची टाळतात आणि मग ती सणासुदीला टोमण्यातून बाहेर येते. आपल्या घरी तसे होऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती.

आरोग्य विम्याचेही पाहावे लागेल. वडिलांच्या किंवा आईच्या विम्यात मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंतच राहता येते, त्यामुळे नोकरी सोडण्याच्या दिवसापासून त्याला कोणते संरक्षण असेल, हे लेखी स्वरूपात मिळवावे. बाळंतपणाच्या वेळी नोकरी सुरक्षित ठेवून बारा आठवडे बिनपगारी रजा देणारा 1993 चा केंद्रीय कायदा आहे, पण त्यासाठी बारा महिन्यांची नोकरी आणि मागील बारा महिन्यांत 1,250 तासांचे काम लागते. हंगामी कर्मचारी या अटीत बसेलच असे नाही. म्हणून मूल कधी व्हावे याचा विचार करताना या जोडप्याला हंगामाचे भान ठेवावे लागेल. निसर्ग वेळापत्रक पाळत नाही, हे मान्य. पण प्रसूती जुलैमध्ये झाली तर त्या दिवशी बाळंतिणीजवळ कोण असेल, हे आधी ठरवता येते.

आपल्या मुलाच्या हातात अकाउंटिंग आहे, ही मोठी जमेची बाजू. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने पंचाला दुसरे काम शोधण्यात घालवावे लागतात. कोणी बास्केटबॉलची पंचगिरी करतात, कोणी शाळेत बदली शिक्षक होतात. करसल्ल्याच्या क्षेत्रात मात्र जानेवारीपासून माणसे हवीच असतात. सीपीएच्या उरलेल्या दोन परीक्षा त्याने कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत, कारण उत्तीर्ण झालेल्या परीक्षांचे गुण ठरावीक मुदतीपर्यंतच ग्राह्य धरले जातात. निदान एक परीक्षा शिबिराला जाण्यापूर्वी द्यावी आणि दुसरी पहिल्या हंगामानंतर.

यजमानांच्या शंकेविषयी थोडक्यात. चेंडू स्ट्राइक आहे की नाही, म्हणजे तो फलंदाजासमोरच्या ठरावीक टप्प्यातून गेला की नाही, हे सांगणारी यंत्रणा 2023 मध्ये ट्रिपल-एच्या सर्व मैदानांवर आली आणि 2026 पासून मेजर लीगने ती स्वीकारली आहे, पण ती खेळाडूने निर्णयाला आव्हान दिल्यावर तपासण्यासाठी. मूळ निर्णय पंचच देतो. या कारणासाठी मी मुलाला थांबवणार नाही.

रोजच्या दिनक्रमाकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही, पण दुरावा तिथूनच सुरू होतो. सामना बहुतेक संध्याकाळी सात वाजता असतो. पंच त्याच्या बराच आधी मैदानावर असतो आणि सामन्यानंतरचे अहवाल उरकून हॉटेलवर पोहोचेपर्यंत अकरा वाजून जातात. सूनबाई रुग्णांना पाहून संध्याकाळी सहाला मोकळ्या होतील, आणि नेमका त्याच वेळी त्याचा फोन कपाटात बंद असेल. त्याची सकाळ मोकळी, तिची संध्याकाळ मोकळी. असे सहा महिने गेले तर दोघांत भांडण होत नाही, बोलणेच कमी होते. म्हणून ती कामाला निघण्यापूर्वीचा अर्धा तास, तो रात्री कितीही उशिरा झोपलेला असला तरी, दोघांनी राखून ठेवावा. त्यासाठी त्याने गजर लावून उठावे आणि बोलणे झाल्यावर पुन्हा झोपावे. पश्चिमेकडे नेमणूक झाली तर घड्याळातील तीन तासांच्या फरकामुळे हेही जमणार नाही आणि दुसरी वेळ शोधावी लागेल. मला ही गोष्ट पगाराहून कमी महत्त्वाची वाटत नाही.

सणांचा हिशेबही करून ठेवावा. गुढीपाडव्याच्या सुमारास तो निघण्याच्या तयारीत असेल किंवा निघालेला असेल, गणपतीत तो हंगामाच्या शेवटच्या टप्प्यावर असेल, आणि दिवाळी मात्र सहसा आपल्या घरी. गणपतीची प्रतिष्ठापना त्याच्या हातून व्हावी असा आपला आग्रह असेल, तर तो सोडावा लागेल. लग्नाच्या दृष्टीने हे वेळापत्रक प्रतिकूल नाही, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हा पंच मोकळे असतात.

आता मुद्द्यावर येतो. माझा सल्ला असा की, या दोघांनी "मेजर लीग मिळेपर्यंत" अशी मुदत ठेवू नये, कारण ती मुदत नव्हेच. त्यांनी टप्पे ठरवावेत आणि ते कागदावर लिहावेत: चौथा हंगाम संपेपर्यंत डबल-ए न मिळाल्यास काय करायचे, ट्रिपल-एमध्ये दोन हंगाम होऊनही मेजर लीगच्या सामन्यांसाठी बोलावणे न आल्यास काय करायचे, आणि मूल झाल्यानंतर या मुदती कमी करायच्या की तशाच ठेवायच्या. हे आकडे मी उदाहरणादाखल दिले आहेत; खरे आकडे त्यांचे त्यांनी ठरवावेत. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, तो घरी येऊन पुरेशी विश्रांती झाल्यावर, तो कागद पुन्हा काढावा आणि "पुढे चालू" हा निर्णय दोघांनी नव्याने घ्यावा. पहिल्या वर्षावरून मात्र निष्कर्ष काढू नये. नव्या पंचाला बहुधा ॲरिझोना किंवा फ्लोरिडातील रुकी लीगमध्ये पाठवतात. तो हंगाम सुमारे तीन महिन्यांचा असतो आणि मैदाने एकाच परिसरात असल्याने मुक्काम फारसा हलत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होते.

खाली उतरण्याची जागाही आधीच पाहून ठेवावी. महाविद्यालयीन बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारी ते जून असतो, सामने बरेचसे आठवड्याच्या शेवटी होतात, मानधन सामन्यागणिक मिळते आणि नोकरी व घर सांभाळून ते काम करता येते. मायनर लीगमध्ये चार-पाच वर्षे घालवलेल्या पंचाला तिथे मान असतो. ही वाट आपल्या मुलाला आजही खुली आहे, आणि निवड शिबिरानंतर त्याने स्वतः तीच पसंत केली तर तो पराभव समजू नये.

त्याच्या तोंडी एक नाव आपण नक्की ऐकले असेल: जेन पावोल. न्यू जर्सीच्याच वेस्ट मिलफर्डच्या, पूर्वी चित्रकलेच्या शिक्षिका. 2016 मध्ये रुकी लीगपासून त्यांनी सुरुवात केली आणि 9 ऑगस्ट 2025 रोजी अटलांटा येथे मेजर लीगच्या नियमित हंगामातील सामन्यात पंचगिरी करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र मुलाने त्यांचे उदाहरण दिले, तर त्या दिवसाआधी त्यांनी मायनर लीगचे हजारावर सामने केले, हा त्यातील भाग त्याने दोनदा वाचावा.

शेवटी होणाऱ्या सूनबाईंविषयी. आपल्या चार पानी पत्रात त्यांचा उल्लेख तीन वेळा आला, पण त्यांना काय वाटते हे एकदाही आलेले नाही. फिजिकल थेरपीचा परवाना राज्यनिहाय असतो, त्यामुळे त्याच्या मागोमाग गावोगावी जाणे त्यांना सोपे नाही. घर, भाडे, दोन्हीकडची वडील मंडळी आणि उद्या मूल, हे सारे त्या एका ठिकाणी राहून सांभाळणार आहेत. या निर्णयात त्यांचे मत मुलाच्या मताइतकेच वजनदार धरावे, आणि त्या नाही म्हणाल्या तर त्यांना कोणी समजावायला जाऊ नये.

त्यांनी मत बनवण्यापूर्वी मुलाने शिबिराच्या प्रशिक्षकांकरवी, सध्या मायनर लीगमध्ये असलेल्या एखाद्या पंचाच्या पत्नीशी त्यांची गाठ घालून द्यावी. त्या भेटीला आपला मुलगा नको आणि आपणही नको. मुलाला रात्री ताप भरला आणि नवरा तीन राज्ये पलीकडे होता तेव्हा तुम्ही कोणाला फोन केला, ऑक्टोबरमध्ये तो घरी आला की घरातील कामाची वाटणी पुन्हा कशी बसवता, आणि गेल्या वर्षी हे सोडावे असे कितीदा वाटले, हे त्यांनी मोकळेपणाने विचारावे. जानेवारीला अजून अवकाश आहे. ती भेट झाल्यावर दोघांनी मिळून मला पत्र लिहावे. त्यांचे टप्पे कागदावर मांडायला मी आनंदाने मदत करीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक